कंपनीच्या गावात वाढलेली पोरं : पिंपरी-चिंचवडच्या आठवणी

पवनाकाठची

बरेच दिवस मनात होतं, आज बसून टाइप करतेच. पिंपरी-चिंचवड म्हटलं की आता लोकांना ट्रॅफिक, मेट्रो आणि वीस-वीस मजली टॉवर आठवतात. पण १९५५ ते १९८० च्या दरम्यान इथे जी पोरं लहानाची मोठी झाली त्यांच्या डोक्यातलं गाव वेगळंच आहे, आणि ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. कंपन्यांचे इतिहास सापडतात, मालकांची चरित्रं सापडतात, पण पहिल्या पाळीच्या माणसाच्या घरात पहाटे काय चालायचं ते कोण लिहिणार? आपणच लिहायला पाहिजे, आपले आईवडील आता एकेक करून चाललेत.

मी सुरुवात करते. माझे वडील एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली सरकारने ही कंपनी काढली, औषधं बनवणारा देशातला पहिला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती त्याला. महायुद्धात पेनिसिलीनने काय केलं ते जगाने पाहिलं होतं, पण आपल्याकडे ते बाहेरून यायचं, गरिबाला परवडायचं नाही, आणि साधी जखम चिघळून, न्यूमोनियाने, बाळंतज्वराने माणसं जायची. वडिलांची थोरली बहीण अशीच पहिल्या बाळंतपणात गेली. ते आयुष्यभर म्हणायचे, आक्काला चार इंजेक्शनं मिळाली असती तर ती जगली असती. त्यामुळे कंपनीबद्दल ते नुसती नोकरी म्हणून कधी बोललेच नाहीत, पेनिसिलीन आपल्या पिंपरीत तयार होतं हे पाहुण्यांना सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

पेनिसिलीन म्हणजे बुरशी, ती मोठमोठ्या टाक्यांत वाढवायची, तिला साखर घालायची, सतत हवा सोडायची, ढवळत ठेवायचं, आणि ती हवासुद्धा निर्जंतुक करून घ्यायची कारण बाहेरचा एक जंतू आत गेला तर अख्खी टाकी वाया. टाकी एकदा चालू झाली की तिला दिवाळी नाही की दसरा नाही, कोणीतरी उभं राहायलाच पाहिजे, म्हणून तीन पाळ्या. आणि वडिलांच्या पाळीप्रमाणे आमचं घर चालायचं.

थर्ड शिफ्टचा आठवडा असला की वडील सकाळी येऊन, अंघोळ करून, खाऊन झोपायचे. आई खिडकीला जाड सतरंजी बांधायची. त्या आठवड्यात कुकर लावायची नाही, शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात. भांडी मागच्या मोरीत न घासता बाहेर नळावर नेऊन घासायची. आम्ही तिघं भावंडं खुणांनी भांडायचो, खरंच, तोंडातून आवाज न काढता मारामारी करायची कला आम्हाला येत होती. आणि हे फक्त आमच्याकडे नाही, शेजारच्या तमिळ मामींकडे, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाकडेही तेच. कोणत्या घरात कोणाची कुठली पाळी चालू आहे हे सगळ्या बायकांना पाठ असायचं, त्याप्रमाणे त्या पोरांना अंगणातून हाकलायच्या.

आमची खेळणी म्हणजे औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, त्यांची रबरी बुचं आणि वरच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या. त्या टोप्या दोऱ्यात ओवून आम्ही पायात बांधायचो आणि नाचायचो. आणि हवेत कायम तो आंबूस जड वास. लग्न होऊन सोलापूरला गेले तेव्हा पहिल्या रात्री झोप येईना, काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, दोन दिवसांनी लक्षात आलं की वास नाहीये.

तुमचं सांगा. कंपनी कुठलीही असू दे, चाळ असो कॉलनी असो की मूळ गावठाण.

अळूवडी

अगदी अगदी! आमच्याकडे तर दाराच्या आत खिळ्याला वडिलांनी पुठ्ठ्याची पाटी लावली होती, एका बाजूला फर्स्ट, दुसऱ्या बाजूला सेकंड, थर्डला पाटी काढूनच ठेवायची. दूधवाला पण ती बघून कडी वाजवायचा की नाही ते ठरवायचा. सविस्तर नंतर लिहिते, वाचतेय.

टर्नर६८

मी पोर म्हणून नाही, बाप म्हणून लिहितो, चालेल ना? माझ्या मुलीने हा धागा दाखवला आणि म्हणाली बाबा तुम्ही लिहा.

मी साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. १९६८ ला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, ॲप्रेंटिस म्हणून लागलो. तेव्हा पुण्याचा कारखाना नुकताच उभा राहत होता, गाड्या तयार करायच्या आधी त्यांनी माणसं तयार करायला घेतली. पहिले कितीतरी दिवस आमच्या हातात फक्त कानस. लोखंडाचा एक ठोकळा द्यायचे आणि म्हणायचे हा सपाट कर, काटकोनात कर. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं, गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत घास. हाताला फोड यायचे, ते फुटायचे, त्याच हाताने परत कानस धरायची. रडू यायचं, गावाकडे नांगर धरलेला हात माझा पण हे काम वेगळंच होतं. एक दिवस उजेड दिसेना झाला. उस्तादांनी ठोकळा घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि काही न बोलता दुसरा ठोकळा दिला. ते काही बोलले नाहीत हीच शाबासकी.

राहायला आम्ही आठ जण एका खोलीत, चिंचवड स्टेशनजवळ, चार कॉटा. चौघं कामावर असली की चौघं झोपलेली, कॉट कधी गार व्हायची नाही. जेवण खानावळीत, महिन्याची पास, रविवारी फीस्ट. पगार झाला की पहिली मनिऑर्डर गावाला. लग्न झाल्यावर खोली केली, मग सोसायटीचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या.

मुलीला एकच गोष्ट सांगायची आहे ती इथे लिहितो. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. शॉप पाण्याने धुऊन काढलेला, मशीनला झेंडूचे हार, हळदकुंकू, कामगार घरच्या कपड्यात, त्यामुळे पोरांना कोण काका ते ओळखूच यायचे नाहीत. ती पाच वर्षांची असेल. तिने विचारलं तुमचं मशीन कुठलं, मी दाखवलं, तर ती पुढे गेली आणि तिने मशीनला वाकून नमस्कार केला, आणि हात वर करून मशीनच्या चकला, म्हणजे लोखंड पकडून फिरवणाऱ्या भागाला, हात लावायला गेली तर तिथे पोचेना म्हणून मी उचललं. तिचा हात मशीनच्या कुलंटने (गार ठेवणाऱ्या तेलकट पाण्याने) तेलकट झाला तो तिने दिवसभर धुऊ दिला नाही, म्हणाली बाबांचा वास आहे.

टेल्कोचे प्रमुख मुळगावकर साहेबांनी कारखान्याच्या आवारात झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं, तिथे पाखरं यायची. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत त्या झाडाखाली बसलं की बरं वाटायचं. साहेब मोठे होतेच, पण खड्डे खणणारे, पाणी घालणारे हातही मी बघितलेत, त्यांची नावं कुठे नाहीत.

पवनाकाठची

टर्नरकाका, तुमची पोस्ट वाचून मी उठून जरा बाहेर जाऊन आले. तुम्ही लिहीत राहा, शुद्धलेखनाची वगैरे अजिबात काळजी नको.

भोसरीकर

सगळ्यांच्या आठवणी छान आहेत पण एक बाजू राहतेय ती मांडतो, राग मानू नका.

तुम्ही जिथे कामाला आलात ते रिकामं माळरान नव्हतं. माझ्या आज्याची जमीन होती तिथे. ज्वारी, बाजरी, हरभरा, पाऊस बरा झाला तर वर्षाचं खाऊन उरायचं. १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ निघालं, नंतर एकेक पट्टा संपादनात जात राहिला. आमच्या घरात पैसे आले ते आज्याने कधी मोजून पाहिलेले नव्हते तेवढे होते आणि ते पाच वर्षं पण टिकले नाहीत. चुलत्याने ट्रक घेतला, आत्यांची लग्नं झाली, बैलजोडी मात्र आज्याने विकली नाही. जमीन नाही आणि दावणीला बैल. लोक विचारायचे आता काय करायचंय बैलाचं, तर म्हणायचा घाटात पळवायचेत. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचं वेड जुनं, जत्रेत घाट भरायचा, तेवढ्यापुरता म्हातारा परत शेतकरी असायचा.

वडील त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. नाव घेत नाही. आज्या रोज दुपारी चालत जाऊन कंपाउंडच्या तारेपाशी उभा राहायचा. मी लहान होतो, मला वाटायचं वडिलांची सुट्टी व्हायची वाट बघतोय. नंतर आईने सांगितलं, तिथे आत एक विहीर होती, पणज्याने खोदलेली, ती बुजवली की आहे ते बघायला जायचा. वॉचमन चांगला माणूस होता, बिहारचा, त्याने एकदा आत नेऊन दाखवलं. बुजवली होती.

मी कारखान्यांच्या विरोधात नाही. माझं शिक्षण वडिलांच्या पगारावर झालं, मी स्वतः डाय मेकर झालो, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे आज. पण शहर कोणी वसवलं असं म्हणताना ज्याची जमीन गेली त्याचं पण नाव घ्या.

टर्नर६८

भोसरीकर, राग कसला, बरोबर बोललात. आम्ही साताऱ्याहून आलो ते जमीन पोटाला पुरत नव्हती म्हणून, आणि तुमची होती ती गेली. खोलीचा आमचा मालक पण गावातलाच होता. भाडं थकलं तरी कधी सामान बाहेर काढलं नाही, त्याच्या आईने माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण केलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनीच आम्हाला घर दिलं हे खरं आहे.

देहूरोडचा

औद्योगिक म्हणताना सगळे १९५४ पासून मोजतात, पण त्याच्या आधी आमचं देहूरोड आहे. लष्कराचा डेपो महायुद्धाच्या वेळचा. माझे आजोबा तिथे मजूर म्हणून लागले, नगर जिल्ह्यातून आलेले. गावात ज्यांना विहिरीवर जाऊ देत नव्हते त्यांना इथे महिन्याला ठरलेला पगार आणि हजेरीच्या वहीत स्वतःचं नाव, आडनावासकट. आजोबा लिहायला शिकले ते सही करता यावी म्हणून, अंगठा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची गोष्ट आहे ही. आजी सांगायची की डेपोतली माणसं, त्यांच्या बायका, आसपासच्या गावातून आलेली माणसं, बसायला जागा नव्हती. आजीच्या कडेवर माझे वडील होते. तिला भाषणातलं फार काही ऐकू आलं नाही, पण बाबासाहेबांची तब्येत बरी दिसत नव्हती हे तिने पाहिलं, आणि घरी येऊन ती जेवली नाही. दर वर्षी २५ डिसेंबरला आम्ही सगळी भावंडं कुठेही असलो तरी तिथे जातो, आता आमची पोरंही येतात.

वडील पुढे चिंचवडला कारखान्यात लागले, फिटर. ते पहिले आयटीआय झालेले आमच्या घरातले. त्यांचं सर्टिफिकेट आजोबांनी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं होतं.

अळूवडी

देहूरोडचा, हे कुठेतरी नीट लिहून ठेवा हो, आजी असताना अजून विचारलं असतं असं आता वाटत असेल.

माझी सविस्तर पोस्ट : गुरुवार! कोणालाच गुरुवार आठवत नाही का? आमच्याकडे एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, विजेच्या हिशोबाने ठरलेली, आणि शाळेला सुट्टी रविवारी. म्हणजे बाबा घरी असले की आम्ही शाळेत आणि आम्ही घरी असलो की बाबा कामावर, त्यात सेकंड शिफ्ट असली की ते रात्री आम्ही झोपल्यावर यायचे. सबंध आठवडा बापाचं तोंड दिसायचं नाही. मग आईने काय केलं, तिने गुरुवारी दुपारच्या डब्याची पद्धत काढली, बाबा मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन यायचे, गरम पोळी आणि गूळ-तूप, आणि आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून खायचो. हळूहळू बघून बघून अजून चार-पाच वडील यायला लागले. हेडबाईंनी आधी हटकलं, मग त्यांनीच शिपायाला सांगितलं गुरुवारी फाटक जरा जास्त वेळ उघडं ठेवत जा.

आणि आई पण नोकरी करायची, औषधाच्या कंपनीत, बाटल्या तपासायला. दिव्यासमोर एकेक बाटली धरायची, आत कण दिसला की बाजूला. दिवसभर. संध्याकाळी तिचे डोळे लाल असायचे, घरी येऊन कणीक भिजवायची ती डोळे मिटून. पाळीचं गाव म्हणतो आपण पण या बायकांच्या दोन पाळ्या होत्या आणि दुसरीची हजेरी कुठल्याच कार्डावर पंच झाली नाही.

पवनाकाठची

हे शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली तिच्या आईला सांग, माझा नमस्कार.

कॅम्पातली

मी सिंधी, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इथे लिहायला हक्काने येतेय :)

फाळणीनंतर आमच्या लोकांना पिंपरीत आणून ठेवलं, म्हणून आमच्या भागाचं नाव कॅम्प. दादा (म्हणजे आजोबा) शिकारपूरचे, तिथे त्यांचा मोठा व्यापार, इथे आल्यावर सायकलवर कापडाचे तागे बांधून कॉलन्यांमधून फिरायचे. उधारीवर द्यायचे, पगाराच्या दिवशी वसुली. त्यांच्याकडे एक लाल वही होती त्यात प्रत्येक कंपनीची पगाराची तारीख लिहिलेली, कुणाची सातला, कुणाची दहाला. कंपनीत संप झाला की दादा त्या गल्लीत वसुलीला जायचेच नाहीत. दादी कुरकुर करायची तेव्हा म्हणायचे, माझं सगळं एका रात्रीत गेलं तेव्हा मी कोणाला पैसे दिले होते?

दिवाळीचा बोनस झाला की आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. आम्हा पोरांना शाळेतून आल्यावर दुकानात बसवायचे, साड्यांच्या घड्या घालायला. कॉलनीतल्या मराठी, तमिळ, मल्याळी बायका कुठला रंग घेणार हे मला आठव्या वर्षी कळायचं. पहिली मराठी मी गिऱ्हाइकांकडून शिकले, म्हणून मला आधी आकडे आणि रंग आले, बाकीचं नंतर.

कोयनेची_लेक

थर्ड शिफ्टवरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटेची वेळ, वडील थर्डला, आम्ही घरी. पिंपरीत नुकसान काही नाही झालं पण मांडणीवरची भांडी वाजली आणि सगळी कॉलनी बाहेर थंडीत उभी. आमचं माहेरचं गाव पाटणजवळ, सगळे नातेवाईक तिकडे. फोन कोणाकडे होता तेव्हा? पाळी सुटल्यावर वडील घरी आलेच नाहीत, कंपनीतून तसेच युनिफॉर्मवर एसटीने गावाला गेले, सोबत त्याच भागातली अजून माणसं. आईला शेजारच्या काकांनी येऊन सांगितलं. चार दिवसांनी परत आले, अंगावर तेच कपडे, मातीने भरलेले. आजी गेली होती. कोयनानगरला तर घरंच्या घरं पडली. आईने ते कपडे धुतले नाहीत, वडिलांना विचारून पवनेत सोडले.

इथल्या कारखान्यांना लागणाऱ्या विजेत कोयनेची वीज होती आणि त्या खोऱ्यातली माणसंही याच कारखान्यांत होती.

भोसरीकर

कोयनेची_लेक, वाईट वाटलं. आमच्या वर्कशॉपला पाटणचे दोघं आहेत, त्यांच्या घरी अजून ११ डिसेंबरला दिवा लावतात.

मिलो_खाल्लेला

१९७२ च्या दुष्काळाचं कोणी लिहिलं नाही. आम्ही त्या साली आलो, उस्मानाबाद जिल्ह्यातून, आई, वडील, आम्ही चौघं आणि एक ट्रंक. गावाला वडील खडी फोडायच्या कामावर होते, रेशनला लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाला लागायची. मामा अकुर्डीत आधी आलेला, त्याच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दहा माणसं. पाण्याचा एक नळ, पहाटे तीनला नंबर.

पण मला त्या दिवसांचं दुःखच आठवतं असं नाही. चेतक तेव्हा नवीन निघाली होती, अकुर्डीतल्या रस्त्यावर नव्या कोऱ्या स्कूटर दिसायच्या आणि मी आणि माझा भाऊ रस्त्याकडेला बसून रंग मोजायचो. लोकांना स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची आणि आम्ही रोज बघायचो! वडील बांधकामावर बिगारी होते, पुढे गवंडी झाले. तुमच्या त्या प्राधिकरणातले, यमुनानगरमधले किती बंगले त्यांच्या हातचे आहेत. बसमधून जाताना ते खिडकीतून बोट दाखवायचे, तो जिना माझा, ती गच्ची माझी. भावाने शेवटी जुनी चेतक घेतली सेकंडहँड, वडिलांना मागे बसवून त्याने सगळ्या घरांवरून चक्कर मारली.

नवीन_आयडी

मी आयटीवाला, २००९ ला आलो, वाकडला राहतो. हे सगळं मला काहीच माहीत नव्हतं. एक विचारायचं होतं, तुकारामांची पालखी जुन्या हायवेने जाते ना, तेव्हा कंपन्या चालू असायच्या का? आमच्याकडे त्या दिवशी वर्क फ्रॉम होम देतात फक्त.

पवनाकाठची

पालखी पाहायला आई आम्हाला दरवर्षी रस्त्यावर न्यायची, पण आत काय चालायचं ते टर्नरकाका सांगतील. आणि सगळ्यांना विनंती, घरात जुने पास, पगाराची पाकिटं, टोकन, शाळेचे फोटो असतील तर फोटो काढून ठेवा. मी आईला रोज अर्धा तास रेकॉर्ड करायला लागलेय, कालपासून.

टर्नर६८

पालखीचा वाटेतला पहिला मुक्काम अकुर्डीला विठ्ठल मंदिरात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याकडे निघते. मशीन चालू असायची. पण सुपरवायझर जाणता असला तर आळीपाळीने सोडायचा, एकाने दोन मशीन बघायची आणि दुसऱ्याने फाटकापर्यंत जाऊन दर्शन घेऊन यायचं. आम्ही डिपार्टमेंटमध्ये वर्गणी काढून केळी आणि चहा वाटायचो. माझा आत्या-मामांचा सगळा गोतावळा वारीला, ते आळंदीहून माउलींबरोबर जायचे, त्यामुळे या पालखीत माझं ओळखीचं कोणी नसायचं, तरी मी प्रत्येक म्हाताऱ्याच्या पायाकडे बघायचो. अनवाणी कोणी दिसला की आमच्या स्टोअरचा एक पोरगा कंपनीचे जुने सेफ्टी शूज घेऊन उभा असायचा, पण ते जड बूट वारकरी कुठे घालणार, मग पुढच्या वर्षापासून त्याने चपला आणायला सुरुवात केली. तो पोरगा म्हणजे आता सत्तरीचा गृहस्थ आहे, अजूनही निगडीच्या बाजूला चपलांची पोती घेऊन उभा असतो. मी पण असतो त्याच्याबरोबर. वाकडहून लांब नाही, सकाळी लवकर आलात तर भेट होईल, नऊ-दहा नंबरच्या चपला कमी पडतात तेवढ्या जमल्या तर घेऊन या.